लोखंडाची बाटली

६ जानेवारी २०२५

आज चन्नवीरदादांनी ब्रेक दाबला नसता तर पतसंस्थेनं नव्या वर्षाला दिलेली ही डायरी कोरीच राहिली असती.

गडहिंग्लज स्टँडवर गाडी मागं घ्यायची होती. नेहमीसारखी खाली उतरले, गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले, शिट्टी तोंडात धरली. एवढं आठवतं. मग कानात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आणि डोळ्यांपुढं राख. कंडक्टरची शिट्टी थांबली की ड्रायव्हरनं थांबायचं असतं. दादा तीस वर्षं गाडी चालवतायत, म्हणून थांबले. उतरून मागं आले तेव्हा मी चाकापासून दोन हातांवर खाली बसलेली होते.

ते संकेश्वरकडचे. मला तंगी म्हणतात, त्यांच्या कानडीत धाकटी बहीण. मला हाताला धरून कठड्यावर बसवलं आणि म्हणाले, “तंगी, तुझ्या तोंडावर रगत न्हाय. उद्या मला गाडीवर दिसू नको.”

घरी सांगितलं, सकाळी नाष्टा केला नव्हता म्हणून चक्कर आली. माझे मिस्टर, प्रसेनजीत, जेवण अर्ध्यावर ठेवून उठले. माझ्या दुखण्यांना ते कंटाळलेत.

८ जानेवारी

दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली. माझी नखं मधे खोलगट झालीत हे मला आजच कळलं. पाळी किती दिवस असते विचारलं. मी म्हणाले, सगळ्यांची असते तेवढीच.

इथं खरं लिहिते. नऊ दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन पॅड एकावर एक लावून ड्युटीला जाते. निपाणीला गाडी थांबते तेवढ्यात पळत जाऊन बदलते. सीटवर बसत नाही, डाग पडेल म्हणून. लोक म्हणतात, या बाई फार कष्टाळू, बसतच नाहीत.

हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोन आलं. बारा पाहिजे. सोनोग्राफीत गर्भाशयात लिंबाएवढी गाठ निघाली. ती साधी आहे म्हणाल्या, पण रक्त तीच संपवतेय. रक्तस्राव थांबायच्या गोळ्या दिल्या. आणि म्हणाल्या, शरीरातला लोहाचा साठा संपलाय, रक्त चढवायची पाळी येण्याआधी लोह सलाईनमधून देऊ.

सलाईनचं नाव ऐकल्याबरोबर मी म्हणाले, गोळ्याच द्या. मागच्या वर्षी दिलेल्या घेतल्या होत्या का, विचारलं. मी हो म्हणाले. आठच दिवस घेतल्या होत्या. उरलेल्या साखरेच्या डब्यामागं आहेत.

त्यांनी लोहाच्या नव्या गोळ्या लिहून दिल्या, दोन आठवड्यांनी बघू म्हणाल्या. आणि पाळीचे दिवस वहीत लिहायला सांगितलं. म्हणून हे लिहिणं चालू ठेवते. वहीला बाकीचंही सांगावंसं वाटतंय.

११ जानेवारी

नेसरीला आण्णांना फोन केला. माझे वडील. तिथं एकटेच राहतात. सहज सांगितलं, रक्त सहा पॉइंट दोन आहे. पलीकडून काही आवाजच नाही. हॅलो हॅलो केलं, मग फोन कट झाला. नेसरीला रेंजचा नेहमी घोळ.

तासाभरानं त्यांचाच आला. “निशे, बाटलीबिटली लावून घेऊ नगंस. तुझ्या आयला तीच बाटली खाऊन गेली. काळी बाटली हुती. लोखंडाची.”

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. नववा महिना चालू होता तिला. आण्णा सांगतात, धडधाकट बाई होती, दवाखान्यात लोखंडाची बाटली लावली आणि अर्ध्या तासात संपली. पोटातलं बाळही गेलं. मला आई आठवते ती बोअरवरनं घागर आणताना वाटेत दोनदा बसणारी. पायाला एवढी सूज की पैंजण काढून ठेवलेले. भिंतीची ओली माती नखानं उकरून खायची आणि मला म्हणायची, आण्णांना सांगू नको. ती गेली त्या दिवशी मावशीनं ओढ्यावर वाकळा धुतल्या. खालपर्यंत पाणी लाल झालं होतं.

एवढी चांगली बाई एका बाटलीनं गेली. आणि मला तीच लावा म्हणतायत.

१९ जानेवारी

पाळी आली. दिवस पहिला.

हल्ली पिशवीत कच्चे तांदूळ ठेवते. ड्युटीवर चघळत असते. तोंडाला चाळा. माझी लेक निशिगंधा हसते, म्हणते, आई, तू चिमणी झालीस. तिची दहावीची परीक्षा एकवीस फेब्रुवारीला सुरू होतेय.

दादांनी डेपोत सांगून मला चौकशीच्या खिडकीवर बसवायला लावलंय. गाडी नाही म्हणून वाईट वाटतं आणि मागं चाक नाही म्हणून बरंही वाटतं.

२२ जानेवारी

दिवस चौथा. गोळ्यांनी कमी आहे, पण आहे. लोहाच्या गोळीनं आज तीनदा उलटी. खिडकीवर एक म्हातारा आजऱ्याची गाडी विचारत होता, त्याचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता.

२७ जानेवारी

गोळ्या चार दिवस बंद केल्या. प्रसेनजीत रोज कामावरून आल्या आल्या तेच विचारतात, गोळी घेतली का? आवाज असा की मी चोरी केलीय. मी हो म्हणते. आज त्यांनी साखरेचा डबा सरकवला आणि मागच्या वर्षीची पाकिटं बाहेर काढून ओट्यावर ओळीनं मांडून ठेवली. भांडले नाहीत. कागलला कंपनीत फोन करून शिफ्ट बदलून घेतली, आता सकाळचं पाणी तेच भरतात आणि कपडेही तेच वाळत घालतात. माझ्या हातचं काम त्यांना आवडेनासं झालंय बहुतेक.

आण्णांचा पुन्हा फोन. आज म्हणाले, पांढरी बाटली होती, तिच्यात लोखंड मिसळलेलं. मी म्हणाले, परवा काळी म्हणालात. म्हणाले, काळी काय आन पांढरी काय, माणूस गेलं न्हवं.

४ फेब्रुवारी

जिन्यात बसले ते उठता येईना. छातीत धडधड एवढी की साडीचा पदर हलत होता. निशिगंधानं वरून तिच्या बाबांना हाक मारली. दोघांनी धरून रिक्षात घातलं.

पाच पॉइंट नऊ.

डॉक्टरबाई आज गोड बोलल्या नाहीत. म्हणाल्या, गोळ्या तुम्हाला सोसत नाहीत, आणि सोसल्या तरी एवढी तूट भरायला महिने लागतील. हृदय किती दिवस हा भार ओढेल? मी आईचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमची आई नक्की कशानं गेली? मी म्हणाले, बाटलीनं. त्या म्हणाल्या, जुन्या औषधांनी कधीकधी मोठी ॲलर्जी यायची, आताची बरीच सुरक्षित आहेत. धोका अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही, म्हणून आम्ही शेजारी उभं राहून देतो.

संमतीचा कागद घरी वाचायला दिलाय. त्यात लिहिलंय, क्वचित जिवाला धोका. बाकी सगळा कागद मी विसरले, हे तीन शब्द पाठ झाले.

तारीख बारा ठरली. प्रसेनजीतनी ठरवली, मला न विचारता.

९ फेब्रुवारी

निशिगंधाला आज भाकरी थापायला शिकवली. अभ्यासाच्या दिवसांत हे काय म्हणून चिडली. मग लोकरीचे कपडे कुठल्या पेटीत आहेत ते दाखवलं, तिच्या जातीच्या दाखल्याची फाईल दाखवली, बाबांना मटकीची उसळ चालत नाही, पित्त होतं, हेही सांगितलं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, “आई, तू हे सगळं मला आत्ताच का सांगतेस?”

मी म्हणाले, तुला माहीत असावं म्हणून. तिनं पीठ लागलेल्या हातानंच माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दंडावरचं पीठ मी पुसलं नाही.

सकाळी रोजची वंदना म्हणताना पहिल्यांदाच शब्द चुकले.

११ फेब्रुवारी

दुपारच्या गाडीनं आण्णा आले. न सांगता. पिशवीत अर्धा किलो काजू आणि एक धोतर. आल्या आल्या म्हणाले, “मी तुला न्यायला आलोय. नेसरीला चल. आमटीत शेवग्याचा पाला घाल, गूळ-शेंगदाणं खा, रगत हुतंय आपोआप.”

प्रसेनजीत त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, उद्या अकरा वाजता तिला दवाखान्यात न्यायचंय, तुम्हीही चला. एवढंच. मग गच्चीवर गेले ते जेवायलाच खाली आले.

मी आण्णांना विचारलं, आईला बाटली लावली तेव्हा तुम्ही तिथं होता का? म्हणाले, बाहेर हुतो की. मग बाटली काळी होती ते कुणी बघितलं? ते ताटातली भाकरी चुरत राहिले. म्हातारपणी विसरायला होतं.

मला उद्याची फार भीती वाटतेय. आण्णा न्यायला आलेत. मला जावंसं वाटतंय. गाडीत बसावं, खिडकीशी बसावं आणि हे सगळं मागं राहावं.

१३ फेब्रुवारी

काल हाताला पट्टी होती म्हणून आज लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

पवित्रा सिस्टरनी बाटली आणली. रंग पातळ काकवीसारखा. म्हणजे काळीच. ती टांगल्यावर माझी नजर तिथून हलेना. सुई टोचली, बीपी बघितलं, थेंब सुरू केले. डॉक्टरबाई शेजारी होत्या. प्रसेनजीत दारात उभे होते, सुई बघितल्यावर चहा आणतो म्हणून गेले. असे ते तीनदा गेले. एकदाही चहा आला नाही.

पाच-सात मिनिटं झाली असतील. अचानक तोंड तापलं. मान तापली. छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. मला वाटलं, आली. आईला आली तीच. मी सिस्टरचा हात धरला आणि म्हणाले, मरतेय मी.

सिस्टरनी लगेच थेंब बंद केले. डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, ऑक्सिजन बघितला, अंगावर गांधी उठल्यात का बघितलं, श्वास ऐकला. त्या घाबरल्या नव्हत्या. म्हणाल्या, मोठ्या ॲलर्जीत बीपी पडतं, घसा धरतो, तसं काही नाही. काही जणांना असं होतं आणि थांबवलं की जातं. वाट बघू. पूर्ण बरं वाटलं तर अगदी हळू पुन्हा चालू करू. पण तुम्ही हो म्हणालात तरच.

मी नाही म्हणाले. म्हणाले, काढा ही सुई, माझ्या वडिलांना बोलवा, मला घरी जायचंय.

आण्णा आत आले. टोपी हातात. त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं न्हवतं का. मी त्याचीच वाट बघत होते. ते म्हणाले असते तर मी उठलेच असते.

ते पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, “निशे, ती बाटली लोखंडाची न्हवती.”

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

“साधं मीठपाणी हुतं. बाळंतपणात रगत जाया लागलं, थांबंना, म्हणून लावलेलं. लावस्तवर समदं गेलतं तिचं. बाळ बी गेलतं.” ते टोपीची घडी घालत होते, मोडत होते. “लोखंड द्या म्हणून आधी सांगितलं हुतं. सातव्या म्हयन्यात. नर्सबाई दारात आलती. म्हणाली, हिचं रगत पाच हाय, कोल्हापूरला न्या, सुईतनं लोखंड देत्यात, थांबू नगा. मी म्हणालो, भात काढून झाला की नेतो. भात झाला. मळणी झाली. मग म्हणालो, आता एक म्हयनाच ऱ्हायलाय. आन खरं सांगू का, मला भ्या वाटलेलं. कुणीतरी म्हणालतं, ती सुई घेतली की माणूस मरतंय.”

सिस्टर पाठ करून ट्रे आवरत होत्या. आवाज न करता.

“मग लोकांनी इचारलं की मी बाटलीच सांगितली. सत्तावीस वर्सं झाली. सांगून सांगून मलाच खरं वाटाय लागलं.” मग म्हणाले, “तू फोनवर सहा म्हणालीस. मला पाच ऐकू आलं.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. छातीवरचा गुडघा कधी निघाला मला कळलं नाही. डॉक्टरबाई आल्या, पुन्हा बीपी बघितलं, विचारलं, काय करायचं?

मी म्हणाले, “लावा.”

हे मी धीरानं म्हणाले असं कुणाला वाटायला नको. मला भयंकर राग आला होता आणि त्या रागात भीती थोडा वेळ दिसेनाशी झाली. पहिला थेंब सुटला तशी ती परत आली. तासभर बाटली चालली. तासभर मी प्रत्येक श्वास मोजला. काही झालं नाही. पुढचा अर्धा तास देखरेखीखाली ठेवलं, तेव्हाही काही झालं नाही.

बाहेर आले तर प्रसेनजीत जिन्यात बसलेले. डोळे लाल. जागरण झालंय त्यांना पाणी भरून भरून. मला बघून उठले आणि सगळ्यांसमोर माझ्या चपला पायाशी ठेवल्या.

१४ फेब्रुवारी

आण्णा सकाळच्या गाडीनं गेले. मी दारापर्यंत गेले नाही. काजू ओट्यावर तसेच आहेत.

१७ फेब्रुवारी

भात काढून झाला की. मळणी झाली की. दिवसभर तेच ऐकू येतं. मी आईला माती खाताना बघितलं होतं आणि सांगितलं नाही, कारण तिनं सांगू नको म्हटलं. बारा वर्षांची होते मी. सांगितलं असतं तर त्यांनी नेलं असतं का?

त्यांना फोन करणार नाही.

२० फेब्रुवारी

दुसरी बाटली. सुरुवातीपासून हळू लावली. सिस्टरनी हात धरून ठेवला. काही झालं नाही. उद्या निशिगंधाचा मराठीचा पेपर.

१५ मार्च

नऊ पॉइंट चार.

प्रसेनजीतना आकडा सांगितला तर त्यांनी रिपोर्ट हातातून घेतला, स्वतः वाचला, मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, तू जेवलीस का? इतकी वर्षं याच आवाजाला मी राग समजत आलेय की काय, कुणास ठाऊक.

परीक्षा चालू आहे. निशिगंधा म्हणते, बरी जातायत.

शेवटी नेसरीला फोन केला. म्हणाले, नऊ पॉइंट चार. आण्णा म्हणाले, “व्हय?” मग काही नाही. आज रेंज चांगली होती. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मीही फोन ठेवला नाही. माफ केलं असं नाही. पण ठेवला नाही.

७ एप्रिल

अकरा पॉइंट एक. डॉक्टरबाईंनी कामावर जायचा दाखला दिला. पाळी पाच दिवसांवर आलीय. गाठीवर लक्ष ठेवायचं, गोळ्या चालू, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

१६ एप्रिल

आज नेसरीच्या गाडीवर होते, चन्नवीरदादांबरोबर. परतीच्या फेरीला स्टँडवर गर्दी. मी आत तिकिटं फाडत मागं निघाले तर तिसऱ्या सीटवर आण्णा. शेजारी एक पोरगी, विशीतली, पोट दिसण्याएवढं पुढं आलेलं, आणि तिची सासू. पोरीचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे. 

आण्णा म्हणाले, “शेजारच्या धैर्यशीलची बायको. सातवा चालू हाय. रगत सात सांगितलंय. यांची हळद काढणी चाललीय, म्हणत हुते झाल्यावर बघू. मी दोन दिस त्यांच्या दारात बसलो. तिसऱ्या दिवशी कट्टाळून पाठवलं.”

सासू पुटपुटली, म्हातारा ऐकतच न्हाय. मग मला म्हणाली, “त्या बाटलीनं तुझी आय गेली म्हणं. साऱ्या गावाला ठावं हाय. आन ह्योच म्हातारा आता न्यायाला लागलाय.”

आण्णांनी ते सगळ्या बसमध्ये सांगितलं. खाली मान घालून, पण ऐकू जाईल असं. आई बाटलीनं गेली नाही, मी नेलं नाही म्हणून गेली. पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. मी आण्णांना थांबवलं नाही.

पोरगी माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, “आक्का, लई दुखतं का?”

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हणाले, “सुई टोचती तेवढंच दुखतंय. पण भ्या लई वाटतं. मी बाटली संपंपर्यंत भ्यायलेली.”

तिनं मान हलवली. भीती वाटणार हे ऐकून तिला उलट थोडं बरं वाटलं असावं. म्हणाली, “मग तू थांबशील माझ्याजवळ?”

डॉक्टरबाईंनी संध्याकाळी तिला तपासलं. उद्या दहा वाजता लावायची आहे. तिघंही आमच्याकडेच उतरलेत. निशिगंधानं तिचा पलंग दिलाय. सासू स्वयंपाकघरात मिरच्या निवडतेय, आण्णा गॅलरीत एकटेच बसलेत. ती पोरगी कुशीवर झोपलीय, पोटावर हात ठेवून, आणि मी दारातून पुन्हा पुन्हा तिचा श्वास बघून येते. मला माझ्या वेळी वाटली नव्हती एवढी भीती वाटतेय.

उद्याच्या रजेचा अर्ज लिहून झालाय. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, घरचं माणूस दवाखान्यात आहे.